पोरं निघून गेल्यावर ती जागा चालवतं कोण?

इतर कॉलेजांतले सहकारी भेटले की हा प्रश्न हमखास येतो. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मुलं एक खोली चालवतात. तिथे चित्रं होतात, नाटकाच्या तालमी होतात, गावातली माणसं येऊन बसतात, शिकवतात, कधी भांडतातही. ऐकणाऱ्याला हे सगळं आवडतं. मग चहाचा कप खाली ठेवत तो विचारतो, "ते ठीक आहे हो मॅडम, पण तीन वर्षांत पोरं पास होऊन जातात. पुढे कोण?" आता चार वर्षांची पदवी आली, त्यामुळे प्रश्नातला आकडा तेवढा बदलला.

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पण सुरुवात पोरांपासून करून चालायची नाही, दारापासून करावी लागेल.

गोव्यातल्या किती तरी शिक्षणसंस्था पठारांवर आहेत. १९८५ साली सुरू झालेलं गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुडीला. आमच्याकडेही तसंच. देवळं, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, बाजार खाली; शिक्षण वर. खालचा माणूस वर यायचा तो मुलाच्या ॲडमिशनला किंवा दाखल्याला. फाटकावर रखवालदार वही पुढे करतो आणि विचारतो, "कोणाकडे काम आहे?" काम कोणाकडेच नसेल, नुसतं बघायला यायचं असेल, तर त्या वहीत लिहायचं काय? माणूस तिथूनच परत फिरतो.

आमची खोली पूर्वी खेळाचं सामान ठेवायची होती आणि तिचं एक दार रस्त्याच्या अंगाला उघडत होतं. ते वर्षानुवर्षं बंद होतं. मुलांनी मागणी केली ती खोलीची नव्हे, त्या दाराच्या कुलपाची. पणजीत कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी तुम्ही पाहिली असेलच. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस तिच्या मोकळ्या अंगणातून चालत थेट मांडवीच्या काठाला निघतो. तिकिटाविना आलेल्यालाही तिथे परकं वाटत नाही. आमच्याकडे नदी नाही, पण दार रस्त्यावर आल्याबरोबर फरक पडला. भाजी घेऊन जाणाऱ्या बायका डोकावू लागल्या. "हें कितें चल्लां?" असं विचारायला फाटक ओलांडावं लागत नव्हतं.

त्या डोकावणाऱ्यांतूनच माटोळी आली. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची आरास. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं तिची स्पर्धाही घेतं. वनस्पतिशास्त्राच्या मुली एका दुपारी फळांची नावं लिहीत बसल्या होत्या आणि शेजारच्या वाड्यावरची एक आजी दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग आत आली, पदर खोचून खाली बसली आणि मुलींनी नायलॉनच्या सुतळीनं बांधलेली सगळी कवंडळं सोडायला लागली. सुतळीनं देठ कापला जातो, फळ दोन दिवसांत खाली येतं, तिथे केवणीचा दोर हवा, हे तिचं म्हणणं. केवण म्हणजे हेलिक्टेरिस आयसोरा, मुरडशेंगेचं झाड, हे मुलींना तोंडपाठ होतं. त्याची साल कशी सोलायची, किती भिजवायची, ओली असतानाच पीळ का द्यायचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीनं एक दोर मांडीवर वळून दाखवला, मग दुसरा मुलीच्या हातात दिला आणि तिचा पीळ उलटा पडला तेव्हा तिच्या बोटांवर चापटी मारली. सुपारीचे घोस कडेला, नारळांचा घड मधोमध, माट्टीची फळं आणि आंबाडे त्यांच्या आडोशाला. वजन कुठे पेलायचं याचा हिशेब आजीच्या डोक्यात पक्का होता. भौतिकशास्त्राचे आमचे एक सहकारी तो बघायला मुद्दाम येऊन उभे राहिले.

तेव्हापासून ती आजी विचारत नाही, येते. या वर्षी कुठल्या मुली आहेत, गेल्या वर्षीच्या कुठे गेल्या, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. माटोळी व्हायला हवी, एवढंच. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं आपल्या उत्सवी नाटकांत आहे. देवळाच्या उत्सवात गावच्याच हौशी मंडळींनी मराठी नाटक उभं करायचं, ही गोव्यातली जुनी रीत. दीनानाथ मंगेशकर इथल्याच मंगेशीचे, ज्योत्स्ना भोळे बांदोड्याच्या; पण मी नावाजलेल्यांबद्दल बोलत नाही. गावोगाव दुकानदार, बसचा कंडक्टर, शाळामास्तर रात्री जागून तालमी करतात आणि उत्सवाला उभे राहतात. सगळीकडे घटना, नोंदणी, अध्यक्ष असतोच असं नाही. तरी ते थांबत नाही, कारण तिथे पोरगा एकदम नायक होत नाही. आधी पडदा ओढायचा, मग प्रॉम्प्टिंग, मग दोन वाक्यांचा दूत, मग कधीतरी मिशी लागते. वरचा माणूस नोकरीला मुंबईला गेला तरी त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेचे संवाद, खालच्याला पाठ झालेली असते.

आमच्या मुलांनी हे उचललं, आणि मी शिकवलं म्हणून नव्हे. त्यांतली निम्मी घरी तेच बघत मोठी झालेली. पहिल्या वर्षाच्या मुलांकडे झाडू आणि सामानाची वही. दुसऱ्या वर्षाकडे चावी. तिसरं वर्ष कार्यक्रम ठरवतं. त्यापुढचे फक्त सल्ला देतात आणि तो कोणी ऐकत नाही. दुसरी चावी समोरच्या चहाच्या गाड्यावर. यावर आमच्या व्यवस्थापनातल्या काहींनी डोळे वटारले होते. पण गाडेवाला सुट्टीतही तिथेच असतो, आणि कॉलेजातलं कोणीच नसतं.

गावातल्या एका देवळाच्या माळ्यावरून जुने रंगवलेले पडदे आले तेही असेच, गाड्यावरच्या गप्पांतून. बांबूला गुंडाळलेला रस्त्याचा पडदा, एक जंगलाचा, एक दरबाराचा. उलगडताना रंगाचा भुगा खाली पडत होता. पूड रंग सरसात कालवून लावलेले, दमट हवेनं सरस गेला की रंग सुटतो. चित्रकार मुलांनी ते पडदे पुन्हा रंगवायचे नाहीत असं ठरवलं. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली आणि रस्त्याचा नवा पडदा केला. त्यात एका दुकानावर मोबाइल रिचार्जची पाटी रंगवली आहे. देवळातले ज्येष्ठ त्यावरून आठवडाभर रागावले होते. मग त्याच पडद्यापुढे नाटक झालं.

राष्ट्रीय सेवा योजना आमच्याकडेही आहे. १९६९ पासूनची, दोन वर्षांत दोनशे चाळीस तास आणि एक सात दिवसांचं शिबिर. मी ती नावं ठेवण्यासाठी काढत नाहीये. शिबिरात मुलं खरोखर राबतात. पण तिथे गाव म्हणजे मदत घेणारा. आठव्या दिवशी मुलं निघतात आणि गाव हात हलवून निरोप देतो. आमच्या खोलीत बऱ्याचदा गावच देणारा असतो. अशा उपक्रमाचं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी कागदपत्र करायला घेतलं की पंचाईत होते. 'लाभार्थी' या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं? आजीचं लिहिलं तर तिला कळल्यावर ती खोलीत पाऊल ठेवायची नाही.

पैशांचं विचाराल तर फार लागत नाहीत. वीज कॉलेजची, रंग विद्यार्थी मंडळाच्या निधीतून, चहा ज्याला लाज वाटेल त्याचा. प्रायोजक नेमाने येतात आणि त्यांना आधी पाटी हवी असते. आजवर पाटी लावलेली नाही.

खरी ओढाताण दिनदर्शिकेची आहे. सेमिस्टरच्या परीक्षा आणि नरकासुर, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायचे पुतळे, हातात हात घालून येतात. पहाटेपर्यंत गवत आणि कागद चिकटवत बसलेलं पोरगं सकाळी पेपरला डुलकी काढतं आणि पालक मला फोन करतात. यावर तोडगा नाही. विद्यापीठ दिवाळी पुढे ढकलणार नाही.

बघायला यायचं असेल तर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात या. मे महिन्यात येऊन काही दिसायचं नाही. पोरं काजू-आंब्यांत असतात आणि खोलीत फक्त गाडेवाल्याचे रिकामे क्रेट.