पावलांना कारण हवं

आज ‘एबीसीडी २’ हा नाचावरचा हिंदी सिनेमा पुन्हा पाहिला आणि फार हळहळ वाटली. २०१३ चा पहिला भाग मला मनापासून आवडला होता. २०१५ मध्ये रेमो डिसूझाने दुसरा आणला, तो जास्त मोठा, जास्त झगमगीत, आणि गोष्ट मात्र कुठल्या कुठे राहून गेली.

सुरुवात तर काय जबरदस्त आहे! टीव्हीवरच्या स्पर्धेत मुंबईचा एक ग्रुप जीव तोडून नाचतो आणि त्याच्यावर चोरीचा ठपका बसतो. स्टेप्स परदेशी ग्रुपच्या, जशाच्या तशा उचललेल्या. मग जिथे जातील तिथे टिंगल.

खरा सिनेमा इथेच होता. कुणाचं तरी बघून बघूनच तर नाच अंगात भिनतो. मग दुसऱ्याची स्टेप कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते? त्या पोरांनी तालमीत याच प्रश्नाशी झटापट केलेली मला बघायची होती. शिवाय ही गोष्ट ज्यांच्यावर बेतली आहे, ते नर्तक सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो नालासोपारा-वसई भागातले. केवढा ऐवज हाताशी होता! पण चित्रपटाला हिप-हॉपच्या जागतिक स्पर्धेसाठी लास वेगास गाठायची घाई. तिथे पोचल्यावर एकामागून एक नंबर सुरू होतात, आणि कोण का नाचतंय हे विचारायला कुणाला सवड नाही.

त्यात एडिटिंग. उडी सुरू होते न होते तोच कट, पाय जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्याचाच चेहरा. हॉलिवूडचा जुना नर्तक-अभिनेता फ्रेड अॅस्टेअर आग्रह धरायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे, शॉट शक्यतो तोडायचा नाही. थ्रीडीच्या नादात नेमकं तेच हरवलं. या मुलांचं कसब अस्सल आहे, ते नीट बघू तरी द्यायचं!

या ग्रुपला शिकवणारा प्रभुदेवाचा विष्णू मात्र लक्षात राहतो. दारूच्या आहारी गेलेला हा माणूस नाचायला लागला की हातपाय सुटल्यासारखे वाटतात, पण ताल एकदाही सुटत नाही. त्याच्या नाचामागे आयुष्य आहे, म्हणून मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

पुढे २०१९ मध्ये खऱ्या सुरेशच्या ‘द किंग्ज’ या ग्रुपने अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली. त्या ठपक्यापासून या विजेतेपदापर्यंतची तालमीची वर्षं कुणीतरी सावकाश, न तोडता पडद्यावर आणावीत. मी पहिल्याच दिवशी जाईन.