लोकांना अवकाश खरोखर हवे आहे का?

आपल्या लोकांना अवकाश संशोधन खरोखर हवे आहे का, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. गेली काही वर्षे मी खगोलशास्त्र आणि अवकाश मोहिमा या विषयांवर व्याख्याने देत आलो आहे. व्याख्यान संपून खुर्च्या हलू लागल्या की कुणीतरी जवळ येऊन हमखास विचारते, "सर, हे सगळं छान आहे, पण आपल्या लोकांना हे खरंच हवंय का?" विचारणाऱ्याच्या मनात कधी अभिमान असतो आणि त्याला माझा दुजोरा हवा असतो, कधी खर्चाची चीड असते आणि तिला दुजोरा हवा असतो. उभ्या उभ्या दिलेले उत्तर या प्रश्नाला पुरत नाही, असे मला दर वेळी वाटते.

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ मी एका शाळेच्या सभागृहात दोन-अडीचशे माणसांसोबत घालवली. 2019 साली चांद्रयान-2 मधले विक्रम हे चंद्रावर उतरणारे यान चंद्रपृष्ठापासून अवघ्या 2.1 किलोमीटरवर असेपर्यंत सारे सुरळीत होते आणि त्यानंतर संपर्क तुटला होता, ही आठवण तिथल्या प्रत्येकाच्या मनात ताजी होती. पडद्यावर वेगाचे आणि उंचीचे आकडे उतरत होते, आणि ज्यांना त्या आकड्यांचा अर्थ नेमका कळत नव्हता तेही श्वास रोखून ते वाचत होते. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 उतरले आणि सभागृह उठून उभे राहिले. त्याच वेळी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर 80 लाखांहून अधिक प्रेक्षक एकाच क्षणी जोडलेले होते. त्या रात्री कुणी मते गोळा केली असती, तर अवकाश संशोधनाला विरोध करणारा माणूस शोधूनही सापडला नसता. तरीही त्या टाळ्यांना मी लोकमत म्हणत नाही. तो आनंद खरा होता, आणि मीही त्यात होतो. पण आपल्या देशाने अवकाशात नेमके काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, कारण तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आपल्याकडे विचारला जातो तो एवढाच प्रश्न, की देशात गरिबी असताना चंद्रावर पैसे कशाला? या प्रश्नाला हिणवणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या गावात पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र उत्तर आकड्यांत द्यायला हवे. 2024-25 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात अवकाश विभागासाठी सुमारे 13 हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण अंदाजपत्रक 48 लाख कोटींच्या घरात होते; म्हणजे सरकारने खर्च करायच्या प्रत्येक शंभर रुपयांत अवकाशाच्या वाट्याला साधारण 27 पैसे आले. चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी रुपये होता. हे 27 पैसे वाचवून गरिबी हटेल, असे कुणीही गंभीरपणे म्हणू शकत नाही. पण "खर्च करावा की करू नये" एवढ्यावरच वाद थांबला, की त्या 27 पैशांतून काय घ्यावे हा खरा प्रश्न बाजूला राहतो, आणि याचीच मला जास्त खंत वाटते.

अमेरिकेचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे, कारण तिथे लोकांना हे वर्षानुवर्षे विचारले गेले आहे. आज आपल्याला वाटते की 1960 च्या दशकात सारी अमेरिका चंद्राच्या ध्यासाने भारलेली होती. प्रत्यक्षात त्या दशकभरातल्या पाहण्यांत चंद्रावर माणूस उतरवण्याच्या अपोलो कार्यक्रमावरचा खर्च योग्य आहे असे म्हणणारे बहुतेक वेळा अल्पमतातच होते. पारडे फिरले ते जुलै 1969 मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास. त्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अबरनॅथी काहीशे गरीब माणसे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपण केंद्राच्या दाराशी आले होते. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे त्यांनी सांगितले. अबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली आणि त्यांच्यासोबतच्या कुटुंबांना प्रक्षेपण पाहण्यासाठी आत जागा मिळाली. विरोध करणारा आणि विरोध झेलणारा, दोघांनीही समोरच्याचे म्हणणे गांभीर्याने घेतल्याचे असे उदाहरण मला क्वचितच आढळले आहे. पुढे 1970 मध्ये अपोलोच्या उरलेल्या मोहिमांपैकी काही रद्द झाल्या आणि डिसेंबर 1972 नंतर चंद्रावर माणूस उतरला नाही. 1966 मध्ये केंद्रीय खर्चाच्या चार टक्क्यांहून अधिक असलेला नासाचा वाटा आज अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे.

अलीकडच्या पाहण्या तर अधिक बोलक्या आहेत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी लोकमत-पाहणी संस्थेच्या 2023 च्या पाहणीत सुमारे 69 टक्के अमेरिकनांनी सांगितले की अवकाश संशोधनात अमेरिकेने जगाचे नेतृत्व करत राहणे अत्यावश्यक आहे. पण नासाने प्रथम काय करावे असे विचारल्यावर 60 टक्के लोकांनी पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवण्याला सर्वोच्च प्राधान्य दिले आणि 50 टक्क्यांनी हवामानाच्या निरीक्षणाला. चंद्रावर माणूस पाठवण्याला ते स्थान देणारे 12 टक्के होते, मंगळासाठी 11. म्हणजे ज्या मोहिमांचे सर्वाधिक कौतुक होते, त्याच मोहिमा लोकांच्या यादीत तळाशी होत्या. देशाने पुढे असावे असे माणसाला वाटते आणि त्याच वेळी त्याची गरज वेगळीच असते. या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदतात, आणि एकाच प्रश्नाने त्या दोन्ही कळत नाहीत.

आपल्या कार्यक्रमाची सुरुवात मात्र गरजेपासून झाली होती. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचे वचन आपण वारंवार उद्धृत करतो, की प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी वापरण्यात आपण कुणाच्याही मागे असता कामा नये. त्याच विधानात त्याआधी त्यांनी स्पष्ट म्हटले होते की चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही. हा भाग आपण सहसा गाळतो. त्यांच्या निधनानंतर, ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात, नासाकडून काही काळासाठी मिळालेल्या एटीएस-6 या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम होत. या 'साइट' प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याच्यासोबत लोकांचाही अभ्यास केला गेला. संशोधक खेड्यांत मुक्कामाला राहिले आणि कोण पाहते, कोण मध्येच उठून जाते, पाहून काय बदलते, याची त्यांनी नोंद ठेवली. लोकांना विचारणे ही इस्रोसाठी नवी गोष्ट नाही. ती मागे पडलेली गोष्ट आहे.

आता 2035 पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, अशी उद्दिष्टे ठरली आहेत. ती ऑक्टोबर 2023 मध्ये, चांद्रयान उतरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत जाहीर झाली. भारतीय माणसाला अवकाशात नेण्याच्या गगनयान कार्यक्रमाचा एकूण मंजूर खर्च 2024 मध्ये 20,193 कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. मी या उद्दिष्टांच्या विरोधात नाही. साराभाईंचा काळ वेगळा होता, आणि जे तेव्हा आवाक्याबाहेर होते ते आज आवाक्यात असताना नाकारणे योग्य नव्हे. पण एवढ्या मोठ्या वळणावर लोकांशी जितके बोलणे व्हायला हवे होते तितके झाले नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

लोकांना यातले काय कळणार, असे यावर मला ऐकवले जाते. म्हणून कोकणातल्या एका बंदराच्या गावी भेटलेल्या नाखव्याची गोष्ट सांगतो. व्याख्यानानंतर त्यांनी खिशातून मोबाइल काढून मला एक संदेश दाखवला. समुद्राविषयी माहिती पुरवणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेकडून येणारा तो मासेमारीचा सल्ला होता: बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली. उपग्रह समुद्राचे तापमान आणि पाण्याचा रंग टिपतो, रंगावरून वनस्पतीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, कुठे दाटले आहेत ते कळते, आणि जिथे प्लवंग तिथे मासळी जमण्याची शक्यता अधिक. मीटरमधल्या खोलीचे मनातल्या मनात वाव (पाण्याची खोली मोजण्याचे जुने माप) करत नाखवे म्हणाले, "हे बरोबर येतं बऱ्याचदा. पण आभाळ भरलं की येत नाही. ढगातून बघणारा उपग्रह तुमच्याकडे नाही काय?"

मी त्यांना सांगितले की रडार ढगांतून पाहू शकते, पण त्याला पाण्याचा रंग दिसत नाही. सूक्ष्मलहरींवरून समुद्राचे तापमान ढगांआडूनही मोजता येते, पण ते चित्र इतके ढोबळ असते की एका होडीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्याच्यावर कोण काम करतंय?" देशाने अवकाशात काय करावे याविषयी मी ऐकलेले हे सर्वांत नेमके मत आहे.

तेव्हापासून व्याख्यानाच्या शेवटी मी एक कागद वाटतो. वर लिहिलेले असते, "तुमचे 27 पैसे", आणि खाली सहा-सात कामे: वादळे व हवामान, शेती आणि समुद्र, दळणवळण व दिशादर्शन, संरक्षण, चंद्र आणि ग्रह, माणसाचे उड्डाण, सूर्य व दूरच्या ताऱ्यांचा अभ्यास. पैसे वाटायचे आणि बेरीज बरोबर 27 यायला हवी. मोजमाप म्हणून त्या कागदांना काही किंमत नाही, कारण व्याख्यानाला येणारी माणसे म्हणजे देश नव्हे. पण माणसे खोडतात, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात, दळणवळणातून दोन पैसे काढून सूर्याला देतात, आणि "हवे का नको" हा प्रश्न त्यांच्या बोलण्यातून आपोआप गळून जातो.

पुढच्या वर्षी मी त्याच बंदरावर गेलो तेव्हा नाखवे आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन आले होते. त्यांनी वादळांना दहा, समुद्राला बारा असे बावीस पैसे एका दमात लिहिले आणि उरलेले पाच चंद्राला दिले. माणसाच्या उड्डाणापुढे शून्य पाहून मुलीने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि समुद्राचे दोन पैसे तिकडे वळवले. नाखव्यांनी ते पुन्हा खोडले. मी सामान आवरून निघालो तेव्हाही त्या दोन पैशांवरून बाप-लेकीचे बोलणे चालूच होते.