देवाची वेळ आणि आमची रखडलेली बिल्डिंग

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं काही अडलं की वाक्य ठरलेलं, "देवाच्या वेळेत होईल ताई." बोलणारे मनापासून बोलतात, त्यात वाद नाही. पण भायखळ्याची जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला देऊन बदलापूरला भाड्याने राहायला लागल्यापासून मी ते इतकं ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की मीच पुरं करते. बिल्डरने भाड्याचे चेक आधी वेळेवर दिले, मग उशिरा, मग बंदच. प्लॉटला पत्रे ठोकलेत, आत गवत माजलंय. सासूबाई रविवारी उपासनेला जाताना मुद्दाम त्या गल्लीतून जाऊ म्हणतात, मी नको म्हणते, आणि मेगाब्लॉक असला तर विषयच मिटतो कारण चर्चला पोचतानाच नाकी नऊ येतात.

या सगळ्यात बायबलमधली अब्राहामाची गोष्ट परत वाचली, म्हातारपणी मुलाचं वचन मिळालेल्या माणसाची. संडे स्कूलमध्ये ती दोन मिनिटांत संपायची, देवाने वचन दिलं, इसहाक झाला, चला प्रार्थना करू. मधली वर्षं कुणी मोजूनच दाखवली नाहीत. हारान सोडलं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००, आणि मध्येच ८६ व्या वर्षी इश्माएल, कारण कनानात दहा वर्षं काढूनही मूल होईना म्हणून सारेने आपली दासी हागार पुढे केली. मला सारेचा राग येत नाही खरं तर, दहा वर्षं म्हणजे काय खायचं काम आहे का. पण घाई सारेची आणि भोगलं हागारेने, लेकराला घेऊन रानात भटकली, जवळचं पाणी संपलं. आमच्या चाळीतल्याही काहींनी मिळेल त्या भावाला घराचे हक्क विकून टाकले. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरात आजारपण असलं की गणितं वेगळी होतात.

आणि नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय तर बघा, वचन दिलेल्या देशात पोचल्यावरही अब्राहाम परक्यासारखा तंबूतच राहिला, पक्का पाया असलेल्या नगराची वाट बघत, ज्याचा बांधणारा देव आहे. सासूबाई म्हणाल्या, "त्याचा बिल्डर तरी धड होता गं." त्याच अध्यायात पुढे एक गोष्ट आहे जी आमच्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाने काय केलं ते चर्चमध्ये उभं राहून सांगतात त्यात, कधी येत नाही. अब्राहामासारखी ही सगळी विश्वासाची माणसं वचन दिलेलं हातात न पडताच मेली, लांबूनच बघितलं त्यांनी. विश्वास मात्र सोडला नाही. साक्ष द्यायला नेहमी ज्यांना मिळालं तेच उभे राहतात, फ्लॅट मिळाला, व्हिसा मिळाला, मुलीचं जमलं. ज्यांचं अजून अडलंय ते मागच्या बाकावर बसून आमेन म्हणतात.

मध्ये एका प्रार्थना सभेत एक बहीण म्हणाल्या, वकिलाची नोटीस वगैरे कशाला, देवावर सोडा की. मला पटलं नाही. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाला काय देवावर सोडून घरी बसली होती का? ती रोज त्याच्या दारात, माझा न्याय कर माझा न्याय कर, तो माणूस देवालाही न भिणारा पण शेवटी कटकट नको म्हणून त्याने निकाल दिला. खचून न जाता प्रार्थना करत राहा, हे शिकवायला येशूने हाच दाखला दिला, म्हणजे नमुना म्हणून त्याला ही पिच्छा पुरवणारी बाई चालली. आणि १३ वं स्तोत्र काढा, दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा देवाला विचारतो, कोठवर? आपल्याकडे कुणी असं मोठ्याने विचारलं तर लगेच, विश्वास कमी पडतोय!

धीर म्हटलं की आपण फक्त आपल्याच वाट बघण्याचं बोलतो पण. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये, इथेच मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत रडणं, चिडणं, नातेवाइकांकडे राहणं, परत टिळकांकडे येणं, सगळं झालं, आणि मग त्यांनी स्वतःच्या मनाने होकार दिला. त्या पाच वर्षांत वाट कोण बघत होतं? मला तर वाटतं देवच. त्याने घाई केली नाही त्यांच्यावर, हे मला बिल्डरवर चिडून झोप लागत नाही तेव्हा आठवतं, आणि चीड जाते असं नाही पण प्रार्थना तरी करता येते.

नोटीस गेलीये, सही माझीपण आहे. पुढची सोसायटी मीटिंग परत रविवारी सकाळीच ठेवलीये सेक्रेटरींनी. आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, पण या वेळी सगळ्यांनी मिळून ग्रुपवर टाकलंय की दुपारी ठेवा, उपासना सोडून कुणी येणार नाही. दोन ब्लू टिक आल्यात, उत्तर अजून नाही.