आमची वाटचाल : जोते ठरते तेव्हाच

पणजीच्या आल्तिनोवरच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमधून मी बाहेर पडले, काही वर्षे दुसऱ्यांकडे नोकरी केली आणि मग फोंड्यात स्वतःचे ऑफिस थाटले. सुरुवातीची कामे सगळ्यांना मिळतात तशीच: बंगले, दुकानांचे गाळे, परवान्यांसाठी पंचायतीच्या खेपा.

अपंग आणि म्हाताऱ्या माणसांनाही सहज वापरता येतील अशी घरे आखायची, ही खरी दिशा कामाला मिळाली ती आमच्या ड्राफ्ट्समनमुळे. तो व्हीलचेअर वापरतो. त्याची ड्रॉइंग्ज चोख होती म्हणून मी त्याला घेतले. तो साइटवर येऊ लागला तसे गवंडी आणि सुतार आपणहून दारांची रुंदी त्याला विचारू लागले. आज त्याने तपासल्याशिवाय एकही नकाशा ऑफिसबाहेर जात नाही. सर्वांसाठी घरे बांधायची तर ती आखणाऱ्यांत सर्व प्रकारची माणसे हवीत, हे मी मनापासून मानते.

गोव्यातल्या पावसात जोते, म्हणजे घराचा चौथरा, उंच घ्यावेच लागते. जुन्या घरांत चार पायऱ्या चढल्याशिवाय बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, पाऊल पडत नाही. रॅम्पचा उतार एकास बारा धरला, तर दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांबी लागते, शिवाय वळणावर सपाट जागा वेगळी. "मॅडम, मग गाडी कुठे लावू?" हा मालकांचा ठरलेला प्रश्न. आम्ही शक्य तिथे फाटकापासूनच भराव घालून अंगण हळूहळू चढवत नेतो. मग वेगळा रॅम्प लागतच नाही. जिथे लागतो तिथे वर छप्पर हवेच, कारण उघड्या रॅम्पवर जुलैत शेवाळ धरते. गुळगुळीत टाइल्स तर नकोतच. छिन्नीने टाकी मारलेला खरबरीत दगड बरा.

उंबरठ्याचा प्रश्न नाजूक. तो पुजायचा असतो, त्यामुळे नको म्हणणे कुणालाच पटत नाही, आणि पटू नये. आम्ही काळ्या दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवतो. हळदकुंकू तिच्यावर वाहता येते, व्हीलचेअर अडत नाही आणि कमी दिसणाऱ्याला रंगाच्या फरकावरून दार कळते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. रॅम्प त्यांतल्या थोड्यांच्याच उपयोगाचा. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा ऑफिस बंद ठेवून आम्ही सगळे गेलो होतो. तेव्हापासून पहिल्या बैठकीला घरातल्या आजी-आजोबांनाही बसवा, असा माझा आग्रह असतो. रात्री न्हाणीघरात जाताना हात कुठे टेकतात, हे तेच सांगू शकतात. सुनेला किंवा मुलाला ते ठाऊक नसते.

सध्या डिचोलीकडे एका जुन्या चौकाच्या घराचे काम चालू आहे. जांभ्याच्या भिंती जाड, दारे अरुंद. पण राजांगणाभोवतीची, म्हणजे मधल्या उघड्या चौकाभोवतीची, ओसरी एकाच पातळीत असल्यामुळे निम्मे काम सोपे झाले आहे. नवे घर बांधणाऱ्यांना मात्र एवढीच विनंती: आम्हांला पाया आखण्याआधी बोलवा. जोते भरून झाल्यावर जोडलेला रॅम्प नेहमी आखूड आणि उभा होतो.