चुन्यातला मका

रविवार, रात्री साडेदहा

आई झोपली. मला झोप येत नाही, तर आजचं आजच लिहून ठेवते.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत जे छोटं मेक्सिकन हॉटेल आहे, तिथे आईला न्यावं की नाही, याचा आठवडाभर विचार चालला होता. आई अडुसष्ट वर्षांची, माळकरी. निफाडकडून महिनाभरासाठी माझ्याकडे आली आहे. बाहेर खायचं म्हणजे मिसळ, नाहीतर डोसा, एवढंच तिचं. शिवाय मला तिथला मागचा प्रसंग आठवत होता. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले होते, तेव्हा माझ्या राजम्याच्या बरिटोत (सारण भरून गुंडाळलेली पोळी) चिकन निघालं. मी चिकन खाते, म्हणून निभावलं. माझ्या जागी आई असती तर, या विचारानेच अंगावर काटा आला होता. काउंटरवर जाऊन मी चांगलंच सुनावलं. तिथल्या मुलाने एका शब्दाने वाद घातला नाही. ताट उचलता उचलता म्हणाला, "ताई, तुमचं कुणाच्या ताटात गेलंय ते आधी बघतो," आणि तडक कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. नवीन बरिटो नंतर आला, त्याचे पैसेही लावले नाहीत. पण आधी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे धावला, ते मला फार आवडलं होतं. त्या भरवशावर आज आईला घेऊन गेले.

सात टेबलं आहेत जेमतेम. सहाला पोचलो, पाऊस होता, तरी अर्धा तास उभं राहावं लागलं. आत दोन टेबलं रिकामी दिसत होती, पण स्वयंपाकघर पार्सलच्या ऑर्डरींत अडकलं होतं. हे मला पटत नाही. दारात आलेल्या माणसाचं आधी बघायला हवं. त्यातून टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, ही पार्सल न्यायची गोष्टच नव्हे, डब्यात बंद केला की वाफेने दहा मिनिटांत लिबलिबीत होतो. पैसे देताना मी हे बोलून दाखवलं. काउंटरवरच्या त्या मुलाने ऐकून घेतलं, रविवारी हात कमी पडतात म्हणाला.

बसलो तसा तोच मुलगा आला. आईच्या गळ्याकडे बघून म्हणाला, "आजी, माळ आहे ना? तुमच्यासाठी वेगळा तवा लावायला सांगतो." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. आईचा आखडलेला खांदा तिथेच सैल झाला.

मी ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, सांगितलं, तर नको म्हणाला. "आजचे अवोकाडो कडक आहेत ताई. करून देईन, पण तुम्हाला आवडणार नाही." यादीतला महागातला पदार्थ स्वतःहून नको म्हणणारं हॉटेल मी नाशकात दुसरं पाहिलेलं नाही.

मग नाचोज आले. आईने विचारलं, हे नाव कसलं? ही गोष्ट मला ठाऊक होती. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात एका हॉटेलात काही बायका खायला आल्या. स्वयंपाकी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया नावाच्या तिथल्या माणसाने टॉर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे, तळलेले तुकडे घेतले, वर चीज आणि मिरचीच्या चकत्या घातल्या, गरम केलं आणि पुढे ठेवलं. इग्नासिओला लाडाने नाचो म्हणतात, तेच नाव त्या पदार्थाला पडलं. आई म्हणाली, "म्हणजे बायांना उपाशी नाही लावून दिलं त्यानं."

सालसा तिने बोटाने चाखली आणि लगेच म्हणाली, "हा तर ठेचाच." तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजलेले टोमॅटो, मिरची, लसूण, मीठ. ठेचाच तो. टोमॅटो, मिरची, मका, राजमा हे सगळं मुळात त्या बाजूचं, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलं, असं मी सांगितलं. आईचा विश्वास बसेना. मिरची परदेशातली? मग तिला मामाचे टोमॅटो आठवले. एका वर्षी पिंपळगावच्या बाजारात भाव इतका पडला की तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना, शेवटी मामाने उभ्या पिकात गुरं सोडली. ते सांगताना तिने वाटीतली सालसा बोटाने पुसून संपवली.

शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं होती. त्यांनी केचप मागितलं. त्या मुलाने केचप दिलं आणि बाजूला सालसाची एक छोटी वाटीही ठेवली.

खरी गंमत टाको आल्यावर झाली. आईने आतलं सारण बाजूला काढलं आणि टॉर्तिया हातात धरून उजेडात पाहिली. घडी घातली, उलगडली, पुन्हा उलट बाजूने घातली. तिचं आयुष्य भाकरी थापण्यात गेलंय. मक्याची भाकरी कडेला चिरते, उचलताना मोडते, हे तिच्या हाताला पक्कं माहीत. "ही मोडंना कशी? मैदा घातलाय का रे बाळा?"

मुलगा हसला आणि आम्हाला थेट आत घेऊन गेला. स्टीलच्या पातेल्यात मक्याचे दाणे पाण्यात बुडवून ठेवले होते. पाणी पिवळंधमक, आणि वास ओल्या भिंतीला चुना लावल्यावर येतो तसा. त्याने दाणा उचलून बोटांत चोळला, तर वरची साल पातळ पापुद्र्यासारखी निघून आली. किलोभर मक्याला दहा ग्रॅम खाण्याचा चुना पाण्यात घालायचा, मका उकडायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि ओलाच दळायचा. चुन्याने दाण्याचं कवच सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्तिया मोडत नाही. तिकडे या मक्याला निश्तामाल म्हणतात. हजारो वर्षांची रीत आहे. मी आईला पुढचंही सांगितलं, की मक्यातलं ब३ जीवनसत्त्व चुन्यामुळेच अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे मका निघाला की कोंबड्यांच्या खाद्याला जातो. कुणी सांगितलंच नाही."

मुलाने मोबाइलवर तिला तिकडच्या मेताते नावाच्या दगडाचा फोटो दाखवला. पाय असलेला, थोडा उतरता दगड, वर आडवा वरवंटा. आईने फोन डोळ्यांजवळ धरला. "पाटाच आहे की."

तेवढ्यात तव्यावरची टॉर्तिया फुगली. आईचा हात आपोआप पुढे गेला, फडक्याने कड दाबायला. मुलाने फडकं तिच्या हातात दिलं. पुढच्या चार तिनेच भाजल्या. तव्याजवळच्या बाईंनी बाजूला होऊन तिला जागा दिली. बाहेर टेबलावर आमचं खाणं गार होत होतं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. बाबा गेल्यापासून आईला कुठल्या परक्या स्वयंपाकघरात इतकी मोकळी मी पाहिली नव्हती.

निघताना मुलाने चुन्यातला मूठभर मका धुऊन डब्यात दिला. पैसे घेतले नाहीत. आईने रिक्षात डबा मांडीवर धरला होता, आणि घरी आल्याआल्या मावशीला फोन करून चुन्याचं प्रमाण सांगितलं. दोनदा.

मका आता फ्रिजमध्ये आहे. मी मिक्सर म्हणाले, ती ऐकेना. गॅलरीत पाट्यावर कुंड्या ठेवल्या होत्या, त्या मघाशी उतरवल्या आणि पाटा घासून भिंतीला उभा करून ठेवलाय. सकाळपर्यंत वाळेल.