सुझुकीचं ॲव्हरेज कुठून येतं

मारुतीचं ॲव्हरेज चांगलं म्हटलं की लोक इंजिनाचं कौतुक करतात. इंजिन चांगलं आहेच, पण माझ्या मते मोठं श्रेय वजनाला द्यायला हवं. सुझुकीनं भारताचा बाजार धरला तो हलकी गाडी, छोटं इंजिन आणि नीट जुळवलेले गियर यांच्या जोरावर.

1983 सालचं चित्र बघा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट 1100 चं जुनं डिझाइन. 1089 सीसीचं इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, दोन्हींच्या मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट, वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबेसिडर 1489 सीसीची, आणि पद्मिनीहूनही जड. त्या वर्षी 14 डिसेंबरला मारुती 800 रस्त्यावर आली. 796 सीसी, तीन सिलिंडर, वजन साधारण साडेसहाशे किलो. इंजिन आडवं बसवलेलं आणि पुढचीच चाकं गाडी ओढणारी, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट नाही की मागच्या डिफरन्शियलचं लोखंडी ओझं नाही. पद्मिनीपेक्षा अडीचशे किलो कमी, म्हणजे तीन-चार माणसं कायमची खाली उतरवल्यासारखं.

शहरात हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. दर सिग्नलला गाडी शून्यापासून उचलावी लागते, आणि ब्रेक मारला की कमावलेली सगळी गती ब्रेकच्या उष्णतेत जाते. जितकं वजन जास्त, तितकं पेट्रोल दर वेळी वाया. शिवाय हलक्या गाडीला छोटं इंजिन पुरतं, आणि ते थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बऱ्यापैकी उघडून चालतं. मोठं इंजिन गर्दीत जवळजवळ बंद थ्रॉटलवर हवा खेचत बसतं, त्यातच त्याची बरीच ताकद खर्ची पडते. नुसतं उभं असतानाही ते जास्त पितं.

हे गणित गॅरेजमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा थर्मोस्टॅटपाशी. गाडी गरम होते अशी तक्रार आली की कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ही छोटी झडप बंद असते तोवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनातच फिरतो आणि तापमान ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडतो. ती काढली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातो, इंजिन पुरेसं तापत नाही, आणि एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ‘इंजिन थंड आहे’ असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि दोष मात्र इंजेक्टरला दिला जातो. गरम होण्याचं खरं कारण रेडिएटर, वॉटर पंप किंवा फॅनचा स्विच यांत शोधावं आणि थर्मोस्टॅट नवा बसवावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या 800 मध्ये जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बारीक करून ॲव्हरेज वाढवायचा उद्योगही असाच अंगाशी येतो: मिश्रण पातळ होतं, जळण्याचं तापमान वाढतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

नुसत्या इंजिनानं बाजार मिळत नाही, याचा पुरावा आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातच आहे. 1248 सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन मुळात फियाटचं. सुझुकीनं त्याचा परवाना घेतला, ते मानेसरला बनवलं आणि 2007 साली स्विफ्टमध्ये बसवलं. तेच इंजिन रांजणगावला तयार होऊन फियाट पुंटोत बसत होतं. पुंटो स्विफ्टपेक्षा जड, सर्व्हिसचं जाळं तोकडं, पार्ट मिळण्याची खात्री नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त असतानाच्या काळात स्विफ्टला महिनोन्‌महिने वेटिंग होतं आणि पुंटोकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. ग्राहक लिटरचा हिशेब करतो तसा ब्रेक पॅडचा आणि क्लच प्लेटचाही करतो.

एआरएआय या पुण्याच्या वाहन चाचणी संस्थेच्या नावानं छापला जाणारा ॲव्हरेजचा आकडा कसा येतो तेही माहीत असावं. गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, चाचणी 1180 सेकंदांची, वेग 90 च्या वर जात नाही, आणि इंधनाचा हिशेब सायलेन्सरमधून आलेल्या वायूंवरून काढतात. 2021 च्या सेलेरिओचा लिटरला 26.68 किलोमीटर हा आकडा असाच आलेला. रस्त्यावर, एसी लावून तो मिळणार नाही. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला थांबून टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. ‘राउंड फिगर’ करायला वर ओतू देऊ नका. हिशेब तर चुकतोच, शिवाय जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात) शिरून तो खराब होतो.

वजन कमी ठेवण्याची किंमतही सुझुकीनं मोजली. 2018 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत स्विफ्टला सुरक्षेचे पाचपैकी दोनच तारे मिळाले. 2018-19 मध्ये निम्म्याहून अधिक असलेला बाजारातला वाटा पुढे चाळीस टक्क्यांच्या आसपास आला, कारण लोक एसयूव्हीकडे वळले आणि तिथे सुझुकीकडे गाड्या कमी होत्या. 2024 च्या डिझायरनं पाच तारे मिळवले, तेही ॲव्हरेज न सोडता. हे आधीच व्हायला हवं होतं.

एप्रिल 2020 पासून मारुतीचं डिझेल बंद आहे, त्यामुळे जास्त फिरणारा ग्राहक आता सीएनजीकडे आहे. वॅगन आरचा कंपनीचा आकडा किलोला 34.05 किलोमीटर. घेण्याआधी दोन गोष्टी बघा: डिकीतली जागा टाकीनं खाल्लेली असते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. पंपावर दाब 200 बारपर्यंत पोचला नाही तर टाकी पूर्ण भरत नाही, म्हणून शक्यतो गर्दी नसताना, पहाटे किंवा रात्री उशिरा भरा.