दक्षिणेचं दार

खंडेनवमी, रात्रीचे पावणेअकरा

दोनदा साबण लावून झाला तरी हातांचा झेंडूचा वास जात नाही, नखंही पिवळीच आहेत. राहू दे.

या घरातला उद्या पहिला दसरा. तोरण ओवून झालं. ओल्या पंचात गुंडाळून परातीत ठेवलंय. सकाळी सहाला दाराला लावायचं. आधी उंबरठा पुसून हळदकुंकू, मग रांगोळी, मग तोरण, असा क्रम आईने फोनवर दोनदा वदवून घेतला.

या दाराविषयी माझ्या मनात किती दिवस अढी होती, हे आज लिहून ठेवते. दार दक्षिणेचं. जागा घेतल्यावर आत्याला सांगितलं तर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "आधी बघून घ्यायचंस ना गं." एवढंच. पण त्या गप्प बसण्याचा मला धसकाच बसला. तीन महिने मी दाराला काही लावलं नाही. गणपती नाही, शुभ-लाभ नाही, उंबरठ्याशी रांगोळीचं बोटसुद्धा नाही. वाटायचं, दाराकडे लक्ष वेधूच नये. येणाऱ्यालाही मी घाईघाईने आत घ्यायचे.

भाद्रपदात वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला वास्तुविद्येचा अध्याय अर्थासह वाचायला घेतला. सहाव्या शतकातला ग्रंथ. दक्षिणेच्या दाराची भीती वाटत होती ती वास्तुशास्त्राच्याच नावाने, म्हणून म्हटलं मूळ काय आहे ते एकदा बघावं. त्यात प्रत्येक दिशेला आठ, अशी दारांची बत्तीस स्थानं सांगितली आहेत आणि प्रत्येकाचं फळ वेगळं. पूर्वेची आठही चांगली असतील असं मी धरून चालले होते. तिथे तर अग्निभय आहे, खोटेपणा आहे, चोरीही आहे. आणि दक्षिणेत आग्नेयेकडून मोजत आलं की चौथं स्थान येतं, त्याचं फळ खाणंपिणं आणि संततीची वाढ! ते वाचलं आणि मी टेप घेऊन उठले. दक्षिणेची भिंत चोवीस फूट, म्हणजे तीन-तीन फुटांचे आठ भाग. चौथा भाग नऊ ते बारा फुटांचा. आमची चौकट साडेनऊला सुरू होते आणि साडेबाराला संपते. अर्धा फूट पाचव्यात जातं खरं, पण दाराचा मध्य चौथ्यात पडतो. मी तिथेच जमिनीवर बसले आणि आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "मग चांगलंच की! तोरण लाव हो भरघोस."

त्याच अध्यायातल्या आणखी एका ओळीने मात्र मला खजील केलं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही दाराने रूपात आणि थाटात मुख्य दारावर मात करू नये. मुख्य दार कलश, फळं, पानं अशा मंगल गोष्टींनी सजवावं. आमच्याकडे नेमकं उलट होतं. गॅलरीला मोठं काचेचं दार, त्याला निवडून आणलेले पडदे, आणि बाहेरचं दार इमारतीबरोबर आलेलं, तसंच. शिवाय त्याची बिजागरी ढिली, कडी नीट लागायची नाही, दार आपोआप उघडायचं. आपोआप उघडणारं दार उन्माद आणतं, असंही तिथे सांगितलंय. सजावटीआधी दार धड करायला हवं, हे मला फार पटलं. सुतारकाकांना बोलावलं.

उंबरठाही त्यांच्याकडूनच करून घेतला. इथे नुसती ग्रॅनाइटची पट्टी होती, लादीच्या पातळीतच. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचं झाडही आणि उंबरठाही. उंबराचं लाकूड काही मिळालं नाही, सागाचा केला. दीड इंच उंच. पहिल्या आठवड्यात सगळे ठेचकाळलो. आता पाय आपसूक उचलला जातो, आणि आत येताना एक क्षण थांबायला होतं. तो क्षण मला फार आवडतो.

चौकटीच्या माथ्यावर मधोमध गणपती बसवला. जुन्या देवळांत गाभाऱ्याच्या चौकटीवर बरोबर याच जागी देवाची छोटी मूर्ती कोरलेली असते, तिला ललाटबिंब म्हणतात. आपल्या घरांवरची गणेशपट्टी त्याच रीतीतली. गणपतीची पाठ घराकडे नको, म्हणून आतल्या बाजूला दुसरा लावायला आईने सांगितलं. लावला. चपलांचं कपाट दारासमोरून हलवून जिन्याकडे नेलं.

प्लॅस्टिकचं तोरण मला नको होतं. वर्षभर धूळ खात लटकतं, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. आंब्याचं पान जाड, चिवट, तोडल्यावरही कितीतरी दिवस तग धरतं. पण वाळतं, आणि वाळलं की काढून नवं लावावं लागतं. त्या निमित्ताने दाराशी हात जातो. आज पानं पुसताना लेकीने विचारलं, झेंडू आपलाच ना? हा मूळचा मेक्सिकोकडचा, समुद्रापलीकडून आलेला, असं सांगितलं तर तिला खरंच वाटेना. आता त्याच्यावाचून दसऱ्याचं पान हलत नाही.

आईकडे कोकणात दसऱ्याला भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र बांधून दाराला लावतात. त्याला नवं म्हणतात. इथे लोंब्या कुठून आणणार, म्हणून मी तो विचार सोडून दिला होता. संध्याकाळी गावाहून आलेल्या शेजारच्या काकूंनी पिशवी हातात दिली. त्यात मूठभर लोंब्या, हिरवट-पिवळ्या, अजून मातीचा वास असलेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी घेतली ती मी उंबरठ्याच्या आत उभी राहून, देवाणघेवाण उंबऱ्यावर करू नये म्हणून काकूंना आधी आत घेतलं. बसल्या, चहा घेतला, आणि जाताना चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "दार छान झालंय हो."

लोंब्या तोरणाच्या मधोमध बांधल्यात. रांगोळीत लक्ष्मीची पावलं आत येणारी काढायची, बोटं घराकडे. पाटीवर दोनदा गिरवून पाहिली, डावं पाऊल अजून नीट येत नाही. गजर साडेपाचचा लावलाय.